हातावरचा नंबर

दारिद्र्य हा विषय मी नोकरीभर शिकवला. नाशिकच्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र हा माझा विषय, आणि वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांचा १९७१ सालचा दारिद्र्यावरचा अभ्यास हा माझा सर्वांत आवडता भाग. माणशी रोज २२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च ज्या घराला झेपत नाही ते घर दारिद्र्यरेषेखाली, ही त्यांची मोजणी मी फळ्यावर इतक्या वेळा मांडली होती की पुढेपुढे हातात पुस्तक धरायची गरज उरली नाही. तिथून मी १९७२ च्या दुष्काळावर यायचे, मग वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेवर. त्या दुष्काळात मी शाळकरी होते. शाळेत वाटलेली सुकडी मी खाल्ली आहे, आमच्या घरी लाल मिलोच्या भाकरी झाल्या आहेत, आणि गावाबाहेर खडी फोडणाऱ्या बायका मी येताजाता पाहिल्या आहेत. त्यामुळे गरिबी आपल्याला पुस्तकातूनही कळते आणि डोळ्यांनीही, असा माझा समज होता.

२००९ च्या जानेवारीत मुझफ्फरपूरला एका परिसंवादासाठी गेले होते. रोजगार हमीचा केंद्रीय कायदा आदल्या वर्षीच, १ एप्रिल २००८ पासून, देशातल्या सगळ्या ग्रामीण जिल्ह्यांना लागू झाला होता आणि महाराष्ट्राच्या जुन्या अनुभवावर बोलायला मला बोलावलं होतं. उत्तर बिहारचे ते दिवस फार वाईट होते. १८ ऑगस्ट २००८ ला नेपाळात कुसहा इथे कोसीचा बांध फुटला, नदीने पात्रच बदललं आणि सुपौल, मधेपुरा, सहरसा, अररिया या भागांतून पाणी घुसलं. शेतांत वाळू साचून राहिली. परिसंवादात त्या वाळूवर बरंच बोलणं झालं. नांगर चालत नाही, मालकाला पीक नाही म्हणून मजुराला काम नाही, आणि सावकार मात्र जागेवर आहे. माणसं पंजाबला, दिल्लीला, मुंबईला निघालीत, असं प्रत्येक वक्ता सांगत होता. मीही सांगितलं. गरीब घरं एकाच ठिकाणच्या उत्पन्नावर अवलंबून राहत नाहीत, घरातला एखादा माणूस बाहेर पाठवून ती धोका वाटून घेतात, असं माझ्या निबंधात एक वाक्य होतं.

परतीची गाडी मुझफ्फरपूरहून मुंबईची. हाजीपूर, छपरा, वाराणसी, अलाहाबाद, सतना, जबलपूर, इटारसी, खांडवा, भुसावळ असा लांबलचक रस्ता. धुक्यामुळे गाडी सुरुवातीपासूनच उशिरा. माझं तिकीट स्लीपरचं होतं. पण उत्तरेकडच्या गाडीत हिवाळ्यात स्लीपर आणि जनरल यांत फार फरक उरत नाही. वेटिंगचं तिकीट घेतलेले, जनरलमध्ये पाय ठेवायला जागा न मिळालेले, सगळे तिथेच. वाटेत माणसं बसलेली, संडासाच्या दाराशी घोंगड्या पांघरून बायका बसलेल्या.

माझ्या समोरच्या आणि बाजूच्या बर्थवर सात-आठ मुलं होती. दहा-बारा वर्षांची असतील, एखादा त्याहूनही लहान. त्यांच्याबरोबर दोन पुरुष. बर्थ तीनच त्यांच्या नावावर असावेत, कारण मुलं दोन-दोन करून झोपत होती आणि दोघं खाली वर्तमानपत्र अंथरून. टीटी आला तेव्हा त्यांतला थोरला माणूस त्याला दाराकडे घेऊन गेला आणि थोड्या वेळाने एकटाच परत आला. मी हे पाहिलं. मुलं फार शांत होती. एवढी मुलं एकत्र असताना जो दंगा व्हायला हवा तो नव्हता. मी शिक्षक आहे, मुलांचा आवाज मला कळतो. त्यांचं गप्प राहणं मला पहिल्या तासातच खटकलं होतं.

मी त्या माणसाला विचारलं, "कहाँ ले जा रहे हैं बच्चों को?" तो लगेच म्हणाला, "पढ़ने जा रहे हैं मैडमजी. बंबई में इनके मामा हैं." आठ मुलं, आणि सगळ्यांचा मामा एकच. मी मान हलवली आणि पुस्तक उघडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी निळ्या स्वेटरचा एक मुलगा माझ्याजवळ येऊन उभा राहिला. स्वेटर मोठ्या माणसाचा, बाह्या दुमडून कोपरापर्यंत आणलेल्या. सगळ्यांनी नुकताच चुडा, म्हणजे पोहे, आणि गूळ खाल्ला होता, त्याने नळावर हात धुतले होते. डावा हात पुढे करून तो म्हणाला, "आंटी, कलम है?" मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, बॉलपेनने एक फोन नंबर लिहिलेला होता. शेवटचे आकडे पाण्याने फिकट झाले होते आणि ते पुसून जातील याची त्याला धास्ती वाटत होती. आकडे त्याला वाचता येत होते, पण उजव्या हातात पेन धरून नीट गिरवता येत नव्हते. मी पेन काढलं, त्याचा हात माझ्या मांडीवर घेतला आणि एकेक आकडा त्याच्याकडून खात्री करून घेत जाड गिरवला. हात थंडीने उललेला होता, पेन चामडीवर अडकत होतं. मी विचारलं, "किसका नंबर है?" तो म्हणाला, "गाँव में दुकान का. माई को बुला देते हैं." मग त्याने विचारलं, मुंबईला समुद्र स्टेशनातून दिसतो का. मी म्हटलं, नाही, पण जवळच आहे.

दोन्ही पुरुष तेव्हा वरच्या बर्थवर झोपलेले होते.

मुलगा एकटा होता, बोलायला तयार होता, त्याच्या आईपर्यंत पोहोचायचा रस्ता माझ्या डोळ्यांसमोर होता आणि तो मीच माझ्या पेनाने ठळक केला होता. माझ्या पर्समध्ये वही होती, मोबाइल होता. तो नंबर मी उतरवून घेतला नाही. तुला कोण घेऊन चाललंय, तू कुठे राहणार, आईला माहीत आहे का, यातलं काहीही मी विचारलं नाही. इटारसीला पुरीभाजी घेतली, सगळ्या मुलांना वाटली, ती पोटभर जेवली, आणि मला फार बरं वाटलं. त्या बरं वाटण्याने माझी उरलीसुरली अस्वस्थताही शमली.

मी गप्प का राहिले याचा विचार मी पुढे अनेकदा केला. भीती होती, हे खरं. आणखी रात्रभराचा प्रवास त्या दोन माणसांच्या समोर करायचा होता. संशय खोटा ठरला तर शोभा होईल असंही वाटलं. भुसावळला उतरणाऱ्या एका ओळखीच्या झालेल्या बाईंशी मी हळूच बोलले तर त्या म्हणाल्या, "मॅडम, कशाला पडता या भानगडीत?" पण खरं कारण याहून वाईट होतं. माझ्या मनात माझंच वाक्य तयार होतं: गरीब घरं एखादा माणूस बाहेर पाठवून धोका वाटून घेतात. गावात वाळू आहे, मुंबईत निदान दोन वेळचं मिळेल. त्या वाक्यातला 'माणूस' दहा वर्षांचा आहे, त्याला अजून दुधाचे दात पडून आलेल्या दातांची सवय व्हायची आहे, हे मी समोर बघत असूनही त्या वाक्यात बसवलं नाही. इतकी वर्षं शिकवलेल्या विषयाने मला डोळे मिटून घ्यायला कारण पुरवलं.

मला माहीत नव्हतं असंही म्हणता येत नाही. २००५ साली मुंबईत गोवंडी, मदनपुरा भागांतल्या जरीच्या कारखान्यांवर छापे पडले होते आणि सुटका झालेल्या मुलांना रेल्वेने बिहारला परत पाठवलं होतं. त्या बातम्या मी कापून ठेवल्या होत्या. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाला, आणि आमच्या महाविद्यालयाच्या फलकावर राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी तो मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला होता. मी नाशिक रोडला उतरले. तिथून मुंबईला पोहोचायला गाडीला आणखी तीन-चार तास होते. एक फोन केला असता तर कल्याणला किंवा टर्मिनसला कोणीतरी त्या डब्याशी उभं राहू शकलं असतं. मी रिक्षा केली आणि घरी गेले.

त्यानंतरच्या आठवड्यात वर्गात स्थलांतराचा धडा होता आणि मी हा प्रवास उदाहरण म्हणून सांगितला. कोसी, वाळू, मुलं, हातावरचा नंबर, सगळं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "मग मॅडम, तुम्ही कोणाला कळवलं?" तिच्या आवाजात आरोप नव्हता, पुढे काय झालं एवढंच तिला ऐकायचं होतं. मला उत्तर देता आलं नाही. तास संपल्यावर मी १०९८ ला फोन केला. पलीकडच्या बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं: डबा कोणता, बर्थ नंबर, मुलं कोणत्या गावची, कुठे चालली होती, त्यांच्या घरचा एखादा नंबर? मला गाडी आणि तारीख सांगता आली. बाकी काही नाही. त्या म्हणाल्या, "ताई, आता मुंबईत शोधायचं कुठून?"

ती मुलं कुठे गेली ते मला कधीच कळलं नाही. कदाचित खरोखर कोणाच्या मामाकडे गेली असतील. पण पुढे मी जे वाचलं आणि ऐकलं त्यावरून तशी शक्यता फार कमी वाटते. ठेकेदार बापाच्या हातात पेशगी ठेवतो. मुलगा काम शिकतोय या नावाखाली सुरुवातीला त्याला मजुरीच मिळत नाही, आणि पेशगी फिटेपर्यंत त्याला परतही जाता येत नाही. जरीच्या कारखान्यात कापड ताणायची जी लाकडी चौकट असते तिला अड्डा म्हणतात. तिच्याभोवती मांडी घालून, वाकून, सकाळपासून रात्रीपर्यंत सुई चालवायची आणि तिथेच बाजूला झोपायचं. डोळे जातात, पाठ जाते. १९८६ च्या बालमजुरीविरोधी कायद्यात जरीकाम तेव्हाही मुलांसाठी बंदी घातलेल्या उद्योगांत होतं, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर, घरच्या धंद्यातली मदत आणि बालकलाकार हे अपवाद सोडले तर, चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच धंद्यात कामाला ठेवता येत नाही. कायदा होता, फोन होता, पाहणारी मी होते. माझ्या गप्प राहण्याची किंमत मोजली असेल तर ती निळ्या स्वेटरच्या त्या मुलाने.

यानंतर मी जी दुसरी चूक केली ती पहिलीतूनच आली. आता आपण गप्प बसायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. काही वर्षांनी नागपूरहून येताना डब्यात एक माणूस चार लहान मुलांना घेऊन चढला. छत्तीसगढी बोलत होता. मुलं मळकी, घाबरलेली, एकाच्या अंगाला ताप. तो मुलांना सारखा दटावत होता. कुठे निघालात विचारलं तर "काम पे" एवढंच म्हणाला आणि तोंड फिरवलं. मी गाडीतल्या पोलिसाला गाठलं आणि सांगितलं की हा माणूस मुलं पळवून नेतोय. शंका आहे असं म्हणाले नाही, पळवून नेतोय असंच म्हणाले. पुढच्या एका स्टेशनावर त्याला आणि मुलांना उतरवून घेतलं. पोलिसाने त्याची कॉलर धरली होती. धाकटी मुलगी त्याच्या पायाला मिठी मारून रडत होती, आणि ते पाहूनही मला काही सुचलं नाही. पळवून नेणाऱ्याच्या पायाला मूल अशी मिठी मारत नाही. गाडी सुटली तेव्हा मला वाटलं, २००९ चं काहीतरी फेडलं.

या वेळी मी एक गोष्ट बरी केली, दुसऱ्या दिवशी त्या स्टेशनावर फोन केला. ड्यूटीवरच्या साहेबांनी शांतपणे सांगितलं की दोन मुलं त्याची स्वतःची, दोन भावाची. बायको तान्ह्या बाळाला घेऊन त्याच गाडीच्या जनरल डब्यात होती. तिला काही कळलंच नाही, ती पुढे निघून गेली. नवराबायकोची गाठ पडायला दुसरा दिवस उजाडला. ज्या मुकादमाने त्यांना बांधकामावर न्यायचं होतं तो वाट न बघता निघून गेला होता. त्या घराचा रोजगार गेला, तिकिटं गेली, आणि चार मुलांनी बापाला कॉलर धरून नेताना पाहिलं. त्या माणसाची माफी मागायला माझ्याकडे त्याचा पत्ता नव्हता.

तुझी आई कुठे आहे, एवढं त्या धाकट्या मुलीला विचारलं असतं तर तिने बोट दाखवलं असतं.

मग मी मुंबईत मुलांसाठी काम करणाऱ्या एका कार्यकर्तीला जाऊन भेटले. स्टेशनांवर उतरणाऱ्या मुलांशी बोलण्यात तिची बरीच वर्षं गेली होती. दोन्ही गोष्टी तिला सांगितल्या. तिने मला समजावलं ते फार साधं होतं. मोठ्या माणसाशी आधी बोलायचं नाही, मुलाशी बोलायचं, आणि उभं राहून नव्हे, त्याच्या शेजारी बसून. गावाचं नाव, शाळेचं नाव, घरी कोण कोण आहे, गाय आहे का, हे विचारायचं. स्वतःच्या माणसांबरोबर निघालेलं मूल भरभर सांगतं. शिकवून आणलेलं मूल एकच वाक्य पुन्हा म्हणतं किंवा मोठ्याच्या तोंडाकडे बघतं. घरी फोन लावून देऊ का, असं सहज विचारायचं. आणि कळवायचं ते दिसलं तेवढंच: मुलं किती, डबा कोणता, बर्थ कुठला, पुढचं मोठं स्टेशन कोणतं, मूल काय म्हणालं. "तस्करी आहे की नाही ते तुम्ही ठरवू नका," ती म्हणाली, "त्यासाठी बालकल्याण समिती आहे." बालन्याय कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात ही समिती असते आणि सापडलेल्या मुलाला चोवीस तासांच्या आत तिच्यासमोर न्यावं लागतं. हे कायद्याचं कलम मी वाचलेलं होतं. ते मुलाइतकंच बापाच्याही संरक्षणासाठी आहे, हे तिने सांगेपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

३० मे २०२३ ला दानापूर–पुणे एक्सप्रेसमधून भुसावळ आणि मनमाड इथे ५९ मुलांना उतरवून घेतलं तेव्हा हे सगळं मला पुन्हा आठवलं. मुलं बिहारमधल्या अररियाकडची, म्हणजे कोसीच्या त्याच मुलखातली. बरोबरच्या पाच जणांवर मानवी तस्करीचा गुन्हा नोंदला गेला, ते काही आठवडे तुरुंगात होते, मुलं बालगृहांत. पुढे तपासात निघालं की मुलं मदरशात शिकायलाच निघाली होती, आणि २०२४ मध्ये गैरसमजातून गुन्हा दाखल झाल्याचं सांगून पोलिसांनी प्रकरण बंद केलं. ही बातमी वाचून माझ्या ओळखीचे काही जण म्हणाले, म्हणूनच कोणाच्या मध्ये पडू नये. मला ते पटत नाही. त्याच मार्गावरून, तशाच डब्यांतून, खरोखर विकली गेलेली मुलंही येतात. रेल्वे सुरक्षा दल दरवर्षी हजारो मुलांना स्टेशनांवरून आणि गाड्यांतून सोडवतं. एका चुकीच्या संशयाचं उत्तर सगळ्यांनी पाठ फिरवणं हे असू शकत नाही. आणि टोपी, भाषा किंवा मळके कपडे पाहून संशय घेणं हेही नाही. मी त्या छत्तीसगढी बापाचे कपडे पाहिले होते आणि आठ मुलांबरोबरच्या त्या माणसाचा धुतलेला सदरा. माझ्या निर्णयात दोन्ही वेळा कपड्यांचाही वाटा होता.

हल्ली आपल्यातले बरेच जण वातानुकूलित डब्याने जातात. तिथे काचा बंद, पडदे ओढलेले, आणि पुढच्या-मागच्या जनरल डब्यांत काय चाललंय याचा आवाजही येत नाही. माझ्यासाठी तसंच तिकीट काढावं असा माझ्या मुलीचा आग्रह असतो आणि गुडघ्यांमुळे मी ते मान्यही करते. पण मोठ्या स्टेशनावर गाडी थांबली की मी उतरते आणि जनरल डब्यापर्यंत चालून येते. तिथे एखादं मूल एकटं दिसलं तर दोन शब्द बोलते. बहुतेक वेळा आई जवळच असते, पाण्याची बाटली भरत असते, आणि आम्ही दोघी हसतो.

तुम्ही लांबच्या गाडीने निघालात तर एवढं करा. वही आणि पेन जवळ ठेवा. मुलाशी आधी बोला, त्याने सांगितलेला गावाचा किंवा घरचा नंबर उतरवून घ्या. शंका आली तर गाडीतून १३९ ला कळवा, किंवा कुठूनही १०९८ ला. हा दुसरा फोन चोवीस तास चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. जे दिसलं तेवढंच सांगा. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून त्या मुलाचं काय झालं ते विचारा.